ग्लॅम मेटलचा पराभव कोणी केला?

२४ सप्टेंबर १९९१ रोजी निर्वाना या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम अमेरिकेत बाजारात आला. कंपनीने सुरुवातीला त्याच्या पन्नास हजारही प्रती काढल्या नव्हत्या. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे सारून बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला. रॉक संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या घटनेचा अर्थ एकाच पद्धतीने लावतात. फुगवलेले केस, घट्ट चामडी विजारी, रंगवलेले ओठ आणि मौजमजेची गाणी असा थाट असलेले ग्लॅम मेटल खोटे होते. चौकटीचे जुने शर्ट घालून सिअ‍ॅटलची मुले गात होती ते ग्रंज खरे होते. आणि खऱ्याने खोट्याला एका हिवाळ्यात संपवले.

सत्याचा विजय झाला की ऐकणाऱ्याला बरे वाटते, म्हणून ही गोष्ट टिकली. पण ती चुकीची आहे आणि तिच्यातली चूक केवळ तपशिलाची नाही. लोकप्रियता ओसरली म्हणजे ती कला मुळातच हलकी होती, असे तिने गृहीत धरले आहे. ग्लॅम मेटलचा उदय, अस्त आणि त्यानंतरचा प्रवास तपासला तर हे गृहीतक टिकत नाही. संगीताची शैली सहसा मरत नाही. तिची प्रतिष्ठा काढून घेतली जाते, आणि ती काढून घेणारे हात श्रोत्यांचे असतातच असे नाही.

उदयापासून सुरुवात करू. ग्लॅम मेटलला बापजादे होते. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये टी. रेक्स, स्लेड, स्वीट आणि डेव्हिड बोवी यांनी चमकीचे कपडे आणि रंगवलेले चेहरे रंगमंचावर आणले होते. अमेरिकेत न्यूयॉर्क डॉल्स, अ‍ॅलिस कूपर, किस आणि एरोस्मिथ होते. १९७८ मध्ये व्हॅन हेलनचा पहिला अल्बम आला आणि एडी व्हॅन हेलनच्या उजव्या हाताची बोटे थेट गिटारच्या पट्टीवर नाचू लागली, तेव्हा एका पिढीला आपण काय शिकायचे ते कळले. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर व्हिस्की अ गो गो, रॉक्सी, गझारीज अशा क्लबांमध्ये हे सारे एकत्र आले. मॉट्ली क्रूने १९८१ मध्ये आपला पहिला अल्बम स्वतःच्याच लेबलवर काढला. पुढे पुढे तर क्लबमालक बँडकडूनच तिकिटांचे पैसे आगाऊ घेऊ लागले. मुले रात्रभर खांबांवर पत्रके चिकटवत, दिवसा तिकिटे विकत आणि रात्री वाजवत. या शैलीची पहिली भांडवलगुंतवणूक कोणत्याही कंपनीची नव्हती, ती या मुलांची होती.

मग दूरचित्रवाणीने तिला उचलले. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाली. चोवीस तास व्हिडिओ दाखवायचे तर दिसायला देखणे संगीत हवे, आणि ज्यांनी रंगमंचावर दिसण्याचा इतका विचार केला होता त्या बँडइतका सोयीचा माल दुसरा नव्हता. क्वायट रायटने स्लेडचे १९७३ चे गाणे नव्याने गायले, त्याचा व्हिडिओ घराघरांत पोचला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांचा 'मेटल हेल्थ' पहिल्या क्रमांकावर गेला. हेवी मेटलच्या अल्बमने अमेरिकेत हे स्थान मिळवण्याची ती पहिली वेळ मानली जाते. त्याच वर्षी शेफिल्डच्या डेफ लेपर्डचा 'पायरोमेनिया' दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. त्याच्यापुढे 'थ्रिलर' उभा होता. १९८६ मध्ये बॉन जोव्हीच्या 'स्लिपरी व्हेन वेट'ने या संगीताला अमेरिकेच्या दिवाणखान्यात नेऊन बसवले.

हे केवळ पडद्याचे यश होते का? या संगीताचा बांध नीट ऐकला पाहिजे. ब्लूजमधून आलेली दणकट रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, तिच्यावर सहज गुणगुणता येईल अशी ओळ, मग अनेक आवाजांचे थर एकावर एक चढवून उभे केलेले धृपद, आणि शेवटच्या धृपदाआधी गिटारचा एकल भाग, ज्यात वादकाने थोडक्यात आपली सारी तालीम मांडायची. निर्माता मट लँग याने डेफ लेपर्डकडून एकेक सूर वेगळा वाजवून घेत 'हिस्टेरिया' घडवला आणि त्याला काही वर्षे लागली. जॉर्ज लिंच, वॉरन डिमार्टिनी, व्हिटो ब्राटा यांची गिटार आजही नवे वादक संथ गतीने लावून शिकतात. सोपे वाटणारे गाणे रचणे सोपे नसते, हे भावगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला वेगळे सांगायला नको.

आशयाबद्दलही हेच. 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' हे गाणे संपावर गेलेला गोदी कामगार आणि हॉटेलात राबणारी त्याची सोबतीण यांचे आहे. स्किड रोचे '१८ अँड लाइफ' एका गरीब पोराच्या हातून झालेल्या हत्येचे आणि त्याच्या तुरुंगवासाचे आहे. पॉयझन हा बँड पेनसिल्व्हेनियाच्या एका लहान गावातून आला, गन्स अँड रोझेसचा अ‍ॅक्सल रोझ इंडियानातून. लेखक चक क्लोस्टरमन याने 'फार्गो रॉक सिटी' या २००१ च्या पुस्तकात नॉर्थ डाकोटासारख्या शेतीच्या मुलखात वाढणाऱ्या मुलासाठी हे संगीत काय होते ते लिहिले आहे. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांना जे भडक वाटे, ते लहान गावातल्या मुलाला बाहेरच्या जगाचे दार वाटे. या तिरस्कारात वर्गाचा भाग होता, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरा भाग स्त्रियांचा. संगीताभ्यासक रॉबर्ट वॉल्सर यांनी 'रनिंग विथ द डेव्हिल' या १९९३ च्या ग्रंथात दाखवले आहे की ऐंशीच्या दशकात मेटलच्या श्रोत्यांत मुलींची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यात बॉन जोव्हीसारख्या बँडचा मोठा वाटा होता. नेमका त्याच वेळी 'हे खरे मेटल नव्हे' हा आक्षेप तीव्र झाला. संथ बॅलड, प्रेमाची कबुली, रंगवलेला पुरुषी चेहरा या तिन्हींची टवाळी 'बायकी' म्हणूनच झाली. मुलींना आवडते ते गंभीर असू शकत नाही, हा जुना नियम इथेही लागू केला गेला. लिटा फोर्ड आणि व्हिक्सन यांनी १९८८ मध्ये याच शैलीत यश मिळवले, तरी त्यांची नावे अशा इतिहासांत तळटीपेतच सापडतात.

इथे दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. याच बँडच्या कित्येक गाण्यांत आणि व्हिडिओंत स्त्री ही निव्वळ सजावटीची वस्तू आहे. मंचाबाहेरच्या बेदरकारपणाने माणसेही मेली. डिसेंबर १९८४ मध्ये मॉट्ली क्रूचा गायक व्हिन्स नील मद्यधुंद अवस्थेत चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात फिनलंडच्या हॅनॉय रॉक्सचा ड्रमवादक रॅझल ठार झाला. हे लपवण्यासारखे नाही आणि कुणी त्याचे गौरवीकरण करू नये. पण याच दोषांनी ही शैली पडली असती, तर त्यानंतर आलेल्या लोकप्रिय संगीतात ते दोष दिसायला नको होते. ते भरपूर दिसतात. तेव्हा पडझडीचे कारण नीतीत शोधणे व्यर्थ आहे.

सप्टेंबर १९८५ ची अमेरिकी सिनेटमधली सुनावणी इथे आठवावी. मुले बिघडवणाऱ्या गाण्यांवर इशारा छापावा अशी मागणी राजकारण्यांच्या पत्नींच्या एका गटाने केली होती. त्यांनी काढलेल्या पंधरा आक्षेपार्ह गाण्यांच्या यादीत मॉट्ली क्रू, डेफ लेपर्ड आणि ट्विस्टेड सिस्टर होते. ट्विस्टेड सिस्टरचा डी स्नायडर सिनेटरांसमोर बसला आणि त्याने आपल्या गाण्यांचा मुद्देसूद बचाव केला. १९८५ मध्ये जे संगीत समाजाला धोकादायक वाटत होते, तेच सात वर्षांनी पोकळ आणि निरुपद्रवी ठरवले गेले. त्या गाण्यांतला एकही सूर मधल्या काळात बदलला नव्हता. न्यायाधीश बदलले होते.

मग पडझड झाली कशी? पहिला घाव यश देणाऱ्यांनीच घातला. एखादी गोष्ट खपली की तिच्या नकला काढायच्या, हा रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा. दशकाच्या अखेरीस दर कंपनीकडे तसेच केस, तसेच नाव आणि ठरल्या जागी एक बॅलड असलेले बँड जमा झाले. वॉरंट या बँडची हकीकत बोलकी आहे. त्यांच्या दुसऱ्या अल्बमचे नाव 'अंकल टॉम्स केबिन' ठरले होते. शीर्षकगीत एका गुन्ह्याची काळोखी कथा सांगणारे होते. कंपनीला मात्र धडाक्याचे, पटकन तोंडी बसेल असे गाणे हवे होते. गायक जॅनी लेनने ते चटकन लिहून दिले. १९९० मध्ये अल्बम 'चेरी पाय' या नावाने निघाला, प्रचंड खपला, आणि लेन आयुष्यभर त्या एका गाण्याचा माणूस म्हणून ओळखला गेला. त्याची त्याला खंत होती. एका गीतकाराची दुसरी बाजू श्रोत्यांपर्यंत पोचू न देणारे हात कंपनीचे होते. नंतर 'हे लोक उथळच होते' असे म्हणायला तेच जग मोकळे झाले.

दुसरा मुद्दा मोजणीचा. २५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डने अल्बमची यादी दुकानांतल्या बारकोडच्या नोंदींवरून काढायला सुरुवात केली. तोवर दुकानदार फोनवर सांगत तो आकडा धरला जाई. यंत्र मोजू लागल्यावर काय दिसले? जूनमध्ये स्किड रोचा 'स्लेव्ह टु द ग्राइंड' थेट पहिल्या क्रमांकावर अवतरला. त्या उन्हाळ्यात व्हॅन हेलनचा नवा अल्बम तिथे पोचला, ऑगस्टमध्ये मेटालिकाचा, आणि मग गन्स अँड रोझेसच्या 'यूज युअर इल्युजन'च्या दोन्ही भागांनी पहिला आणि दुसरा क्रमांक घेतला. १९९२ मध्ये डेफ लेपर्डचा 'अ‍ॅड्रेनलाइझ' कित्येक आठवडे अग्रस्थानी होता. ज्या वर्षी हार्ड रॉकच्या देखण्या, भव्य रूपाचा अंत झाला असे सांगितले जाते, त्याच वर्षी ते सर्वाधिक अचूकपणे मोजले गेले आणि अव्वल ठरले. श्रोत्यांनी निकाल दिला नव्हता. कंपन्यांनी नवे करार सिअ‍ॅटलकडे वळवले, एमटीव्हीने आणि रेडिओने जुन्या नावांना वेळ देणे थांबवले, आणि वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या फळीतले बँड कंपनीविना उरले. मोठ्या नावांनी तग धरला. मधली पिढी बुडाली.

अमेरिकेतली मंदी, आखाती युद्ध, एड्सची भीती यांनी लोकांचा कल गंभीर केला असेल, हे मी नाकारत नाही. निर्वाना, साउंडगार्डन, पर्ल जॅम यांचे संगीत उत्तम होते, हेही नाकारण्याचे कारण नाही. मला आक्षेप आहे तो 'खरे विरुद्ध खोटे' या मांडणीला. 'नेव्हरमाइंड' गेफनच्या डीजीसी या लेबलवर निघाला. गन्स अँड रोझेसही गेफनचेच. 'नेव्हरमाइंड'च्या ध्वनीवर इतकी सफाई चढवली गेली होती की तो पंकपेक्षा मॉट्ली क्रूच्या अल्बमजवळचा वाटतो, असे पुढे खुद्द कर्ट कोबेनने म्हटले. अ‍ॅलिस इन चेन्सचा गायक लेन स्टेली आधी सिअ‍ॅटलच्या एका ग्लॅम बँडमध्ये गात होता. पर्ल जॅमचे स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट ज्या मदर लव्ह बोनमधून आले, त्याचा गायक अँड्र्यू वुड चमकदार वेशाचा आणि नाट्यमय हावभावांचा शौकीन होता. चौकटीच्या शर्टाचीही लवकरच फॅशन झाली: १९९२ च्या अखेरीस फॅशन डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या कंपनीसाठी ग्रंजचे कपडे न्यूयॉर्कच्या मंचावर उतरवले. साधेपणा हाही एक वेश असतो आणि तोही विकला जातो.

शिवाय ग्रंजचे पुढे तेच झाले. एप्रिल १९९४ मध्ये कोबेन गेला, १९९७ मध्ये साउंडगार्डन फुटला, आणि त्यांच्या आवाजाच्या गुळगुळीत नकला रेडिओ भरून वाजू लागल्या. मग कॉर्न, लिम्प बिझकिट आणि २००० मध्ये आलेला लिंकिन पार्क यांचे न्यू मेटल आले, आणि काही वर्षांत त्याचीही टिंगल झाली. प्रत्येक वेळी सांगितले गेले की नव्या खऱ्याने जुन्या खोट्याला हरवले. इतक्या वेळा तोच निकाल लागतो तेव्हा खटल्याच्या पद्धतीवरच संशय घेतला पाहिजे.

आणि हरलेल्या शैलीचे पुढे काय झाले? माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा इथे आहे. मॉट्ली क्रूच्या 'डॉक्टर फीलगुड'चा भारदस्त आवाज ऐकून मेटालिकाने त्याचाच निर्माता बॉब रॉक याला बोलावले आणि १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम घडला. डेफ लेपर्डची थरांची धृपदे रचणारा मट लँग नॅशव्हिलकडे, म्हणजे कंट्री संगीताकडे वळला. शनाया ट्वेनचा १९९७ चा 'कम ऑन ओव्हर' त्याच्या हातचा आहे, आणि त्याच्या अमेरिकेतच २ कोटी प्रती गेल्या. बॉन जोव्हीबरोबर गाणी रचणारा डेस्मंड चाइल्ड १९९९ मध्ये रिकी मार्टिनच्या जगभर गाजलेल्या गाण्याचा सहरचनाकार होता. मॅक्स मार्टिन हा स्वीडनच्या इट्स अलाइव्ह या ग्लॅम मेटल बँडचा गायक. १९९८ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सचे पहिले गाणे त्याने लिहिले आणि पुढची कित्येक वर्षे जगाचे पॉप संगीत त्याच्या कानाने घडले. कारागीर तेच, कौशल्य तेच, केवळ केस कापले गेले. बढाई, दागिने, रात्रीची धमाल हा भाग हिपहॉपने आपल्या वेगळ्या परंपरेतून आणि वेगळ्या अनुभवातून उभा केला. लोकांना झगमगाट नकोसा झाला होता, हे म्हणणे मग कशावर उभे राहते?

हार्ड रॉकच्या दुसऱ्या शाखांशी तुलना केली की आणखी एक गोष्ट उलगडते. मेटालिकाने १९८९ पर्यंत एकही व्हिडिओ काढला नाही. हातोहात फिरणाऱ्या कॅसेट आणि अखंड दौरे यांवर त्यांचा श्रोता तयार झाला. आयर्न मेडननेही अखंड दौऱ्यांतूनच श्रोता जमवला. रेडिओने पाठ फिरवली तरी त्यांची मैदाने भरत राहिली. माध्यमाने दिलेली लोकप्रियता उसनी असते आणि माध्यम ती केव्हाही मागते. माणसागणिक जमवलेला श्रोता असा काढून घेता येत नाही. ग्लॅम मेटलचे दुर्दैव हे की त्याच्याकडे दोन्ही प्रकारचे श्रोते होते, आणि पडदा हटल्यावर लोकांनी असे मानले की दुसऱ्या प्रकारचे नव्हतेच.

मुंबईत या गोष्टीचा वेगळा प्रत्यय आला. १९८४ मध्ये स्थापन झालेला रॉक मशीन हा बँड, ज्यात उदय बेनेगल गात आणि महेश तिनईकर गिटार वाजवत, १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा हार्ड रॉक अल्बम घेऊन आला. पुढे तोच इंडस क्रीड झाला. १९८६ पासून भरणाऱ्या इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवाने धोबी तलावाचे रंगभवन वर्षानुवर्षे गाजवले. उपग्रह वाहिन्या आल्या १९९१ नंतर, म्हणजे अमेरिकेत ज्यांचे दिवस संपले असे जाहीर झाले होते ते बँड इथल्या अनेकांनी तेव्हा प्रथम पाहिले. परिणाम असा की इथल्या कॉलेजांत बॉन जोव्ही, गन्स अँड रोझेस, निर्वाना आणि मेटालिका एकाच कॅसेटच्या खोक्यात राहिले. यातला कोण कोणाचा मारेकरी, हे इथल्या श्रोत्याला कुणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने चौघांनाही ऐकले. ज्याला निकालपत्र मिळाले नाही त्याचा कान अधिक मोकळा राहिला.

पुढे अमेरिकेलाही ते निकालपत्र फिरवावे लागले. ऐंशीच्या दशकातल्या याच गाण्यांवर बेतलेले 'रॉक ऑफ एजेस' हे संगीत नाटक २००९ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि वर्षानुवर्षे चालले. मॉट्ली क्रूवरचा 'द डर्ट' हा चित्रपट २०१९ मध्ये आला. गन्स अँड रोझेसच्या २०१६ ते २०१९ च्या दौऱ्याने ५८ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. हा बँड डिसेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये मुंबईतही वाजवून गेला. २०२२ मध्ये डेफ लेपर्ड, मॉट्ली क्रू आणि पॉयझन यांनी एकत्र दौरा करून अमेरिकेतली क्रीडामैदाने भरली. याला केवळ स्मरणरंजन म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की तीस वर्षांनंतर आठवावेसे वाटणाऱ्या गोष्टीत काहीच नव्हते हे कसे?

ग्लॅम मेटलचे सगळेच थोर होते असा माझा दावा नाही. त्यात नकला पुष्कळ होत्या, सवंगपणा होता, आणि काही गाणी विसरली गेली ते योग्यच झाले. कोणत्याही शैलीत असे असते. पण चांगले आणि वाईट यांतली निवड कानाने करायची असते, सालाने नाही. आज कोणते संगीत कोणाच्या पडद्यावर वर ढकलले जाते हे ठरवणारी यंत्रणा १९८३ च्या एमटीव्हीपेक्षा कितीतरी बलाढ्य आहे, आणि तीही जे उचलते ते तितक्याच सहज टाकून देते. म्हणून वाचकांना एक विनंती. 'हिस्टेरिया' किंवा 'स्लेव्ह टु द ग्राइंड' पुन्हा एकदा, पूर्ण ऐका. आवडला नाही तर बाजूला ठेवा. तो अधिकार तुमचा आहे. पण तो दुसऱ्या कुणी तुमच्या वतीने आधीच वापरलेला नाही ना, एवढे तपासून घ्या.